हात लावायचा नाही

टोपी बसवली की उंदीर पहिलं काम काय करतो, तर ती ओरबाडून काढायला बघतो. दोन दिवस पुढच्या पायांनी डोकं खाजवत बसतो, मग नाद सोडतो. टोपी म्हणजे खरीखुरी टोपी नव्हे. कवटीत बारीक स्क्रू, त्यावर दाताच्या डॉक्टरांकडे असतं तसलं सिमेंट, आणि वर बोटाच्या पेराएवढं यंत्र. मेंदूत काय चाललंय ते हे यंत्र हवेतून आमच्या कॉम्प्युटरला कळवतं. उंदीर खातो, झोपतो, कोपरे हुंगत हिंडतो आणि पडद्यावर रेघा पळत राहतात.

पूर्वी वायर असायची, डोक्यापासून वर टांगलेली. उंदीर गोल फिरला की ती पिळायची, नाहीतर तो सरळ कुरतडायचा आणि मी सोल्डरिंगची बंदूक घेऊन बसायचे. त्यामुळे बिनवायरचं यंत्र आलं तेव्हा आमच्या नाशिकच्या छोट्याशा लॅबमध्ये पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. कर्म माझं! वायर होती तोवर नोंद दोन तासांची असायची, ती आता चोवीस तासांची झाली. उंदीर सुटला आणि आम्ही बांधले गेलो.

आम्ही म्हणजे मुख्यतः तिघं. हा सगळा प्रकल्प ज्यांचा त्या मॅडम, त्यांची टेक्निशियन मी, आणि प्राणिघर सांभाळणारे काका. काका सुरगाण्याकडचे. ते उंदराला उंदीर म्हणत नाहीत, मामा म्हणतात. "ताई, सात नंबरचा मामा आज जेवला नाय," असं सकाळी दारातच सांगतात. मॅडमना ते आवडत नाही, पण सांगून सांगून त्याच दमल्या.

हे मामा फिट येणारे होते. फिट येतील अशी व्यवस्था आम्हीच केलेली, आणि ती थांबवणारं औषधही आम्हीच तपासत होतो. फिट काही वेळ सांगून येत नाही, म्हणून कुणीतरी सतत बसायचं. भिंतीवर मॅडमनी मोठ्या अक्षरात कागद लावला होता: फिट आली की हात लावायचा नाही. आवाज करायचा नाही. वेळ लिहायची. हात लावला की रेघा बिघडतात, एवढंच त्यामागचं कारण. काकांना तो कागद आरतीसारखा पाठ होता.

मलाही फिट येतात, हे मात्र तिथे कुणाला माहीत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ना, मी तर ताकाच्या दुकानातच नोकरीला होते.

मी अकरा वर्षांची असताना चांदवडजवळच्या आमच्या गावी, कांद्याच्या चाळीत, पहिल्यांदा पडले. चौघांनी हातपाय दाबून धरले. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा फोडून हुंगवला. शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही मनगटांवर बोटांचे वळ होते. पुढे गोळ्या सुरू झाल्या, फिट कमी कमी होत गेल्या, पण जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा ते वळही आले. आईनं एकच बजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणाला बोलायचं नाही." नाही बोलले. नोकरीच्या फॉर्मात आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. फिट येणाऱ्या बाईला फिटवर पहारा करायला कोण बसवणार? आणि मला हे काम हवं होतं हो. रेघ नुसती थरथरायला लागली की मला कळायचं, आता येणार. मॅडमच्याही आधी कळायचं. दुसऱ्या कशात मी इतकी हुशार नाही.

त्या आठवड्यात रात्री बसायला माणूस मिळेना. मी चार रात्री बसले. झोप मोडली की फिट येऊ शकते हे मला कुणी वेगळं सांगायला नको होतं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. पाचव्या दिवशी दुपारी नऊ नंबरच्या टोपीची बॅटरी बदलून मी स्टुलावरून उठले, इतकंच आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर कुशीवर होते आणि डोक्याखाली माझाच ॲप्रन होता. काका शेजारी मांडी घालून बसले होते, मांडीवर नोंदवही. आणि समोर मॅडम, एक पाय अनवाणी, हातात स्वतःची सँडल.

सगळं आयुष्य फिटच्या अभ्यासात घालवलेली बाई! मला हसू आलं, पण हसायचंही त्राण नव्हतं.

"मॅडम घाबरल्या हो," काका म्हणाले. "मी म्हटलं, नका. मामाला कधी चप्पल हुंगवली का आपण? स्टूल तेवढं बाजूला सारलं अन् वेळ बघत बसलो. सुटल्यावर कुशीवर केलं. दोन चाळीसला लागली, दोन बेचाळीसला सुटली."

मॅडमनी सँडल खाली ठेवली आणि पाय घातला. "लहानपणी बघितलेलं गं, हात आपोआप गेला." मग, "मला का नाही सांगितलंस?"

मी त्यांच्या पायातल्या सँडलकडे बघितलं. "म्हणून," म्हटलं.

काकांनी वही पुढे केली. नेहमीच्या ओळीत, नेहमीच्या अक्षरात लिहिलं होतं: २.४० ते २.४२, हात लावला नाही. पहिला रकाना, मामाच्या नंबरचा, तेवढा कोरा होता.

"इथं काय लिहू, ताई?"

मॅडम घाईनं म्हणाल्या, "काही लिहू नका. ते पान मी बदलते. आपल्या तिघांतच राहील." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ही पुन्हा आईचीच मूठ. अंग नुसतं लाकूड झालं होतं, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी शौर्यबिर्य काही सुचलं नाही. लपवायचाच कंटाळा आला होता. मी पेन घेतलं आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं.

"मग मला वर कळवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "पुढचं माझ्या हातात नाही."

"कळवा," मी म्हटलं.

वरून अजून उत्तर आलेलं नाही. माझ्या रात्री बंद झाल्यात, दिवस चालू आहेत. रोज सकाळी इंदिरानगरच्या खोलीवरून निघताना वाटतं, आज पत्र आलेलं असेल.

फिट आली त्या संध्याकाळी खोलीवर आले आणि आईला फोन केला. तिनं आधी विचारलं तेच, "कुणी बघितलं?"

"दोघांनी. आणि मी वहीत नाव लिहिलंय."

आता बोलणी खायची म्हणून मी तयार होते. पण ती हळूच म्हणाली, "वळ किती उठलेत?"

मी ट्यूबलाइटखाली जाऊन दोन्ही मनगटं उलटसुलट करून बघितली.

"नाहीत."

"असं कसं?"

"कुणी धरलंच नाही, आई."



"सगळ्यात घट्ट मीच धरायचे," ती म्हणाली. "सोडलं तर तू जाशील, असं वाटायचं गं."