चक्रवाकांची जोडी आणि दोन बाकं

होळी झाली की धाम नदीवरची पाहुणी पाखरं उत्तरेला निघतात. मागच्या वर्षी ती सगळी गेली, आणि आठवडाभरानं आमच्या दूधवाल्यानं बातमी आणली की नारिंगी बदकांची एक जोडी अजून मागेच आहे. माझी बायको शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. "चक्रवाक!" ती म्हणाली, आणि मुलानं पाठवलेली दुर्बीण तिनं गळ्यात अडकवली. पट्ट्यात गुंततं म्हणून मंगळसूत्र काढून देवघरात ठेवलं. सिंदी मेघेहून स्कूटरवर आम्ही सकाळी सातला नदीकाठच्या बागेत पोचलो.

जोडी होती. पलीकडच्या खडकावर दोघं ऊन खात बसली होती. आम्ही बाकावर टेकतो न टेकतो तोच शिट्टी वाजली. चौकीदार आला.

"उठा जी. जोडप्याले बसाची मनाई हाये."

पाटी खरंच होती. "आम्ही नवराबायको आहोत," मी म्हणालो. "छत्तीस वर्षं झाली."

"सारेच असं सांगतेत." त्यानं बायकोच्या गळ्याकडे पाहिलं. तिथे दुर्बीण होती.

मी मोबाइलवर नातवाचा फोटो दाखवला.

"नातू कोणाचाबी दाखवता येते."

माणूस टवाळ नव्हता. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा गणवेश. जोडप्यांना बसू दिलं म्हणून त्याच्या आधीच्या चौकीदाराची नोकरी याच पाटीपायी गेली होती म्हणे. "वरून ऑर्डर हाये," तो कळवळून म्हणाला. "वयाचं काई लिहिलं नाई त्याच्यात."

शेवटी तडजोड झाली. बायको या बाकावर, मी बागेच्या दुसऱ्या टोकाच्या बाकावर. दुर्बीण एकच, म्हणून ती चौकीदारच नेऊन देऊ लागला. बायको फोनवरून सांगायची, "बघा, मान हलवली!" तोवर दुर्बीण माझ्याकडे यायची आणि मान थांबलेली असायची.

चौथ्या फेरीला तो तिच्याकडेच रेंगाळला. फोन चालूच होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"यातला नर कोणता, बाई?"

"ज्याच्या गळ्यात काळी रेघ आहे, तो."

"मंजे मंगळसूत्र नवऱ्याच्या गळ्यात?" तो मटकन बाकावर बसला आणि दुर्बीण डोळ्याला लावली. मग उठेचना.

तेवढ्यात मोटरसायकलवरून त्याचा साहेब आला. बाकावर एक बाई आणि एक पुरुष, खांद्याला खांदा लावून नदीकडे पाहताहेत.

"तूच बसून राह्यला?" साहेब ओरडला. "पाटी कोणासाठी लावली बे?"

चौकीदार दुर्बीण डोळ्याला लावून तसाच बसून राहिला.

"मी बहीण आहे त्याची," बायको वर्गात बोलावं तशी बोलली. "बहीणभावांना मनाई आहे का?"

साहेबानं पाटी वाचली. बहीणभावांचं काही लिहिलेलं नव्हतं. तो वरमला. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ताई, तो माणूस मघापासून तुमच्याकडेच पाहून राह्यला. वळखीचा आहे का?"

बायकोनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

साहेब तडक माझ्याकडे आला. "वयाचा तरी विचार करा, काका," एवढंच म्हणाला आणि मला फाटकापर्यंत सोडून आला. छत्तीस वर्षांत मला कोणी बाईमाणसापायी असं बाहेर काढलं नव्हतं. राग आला, आणि खरं सांगायचं तर किंचित बरंही वाटलं.

तासभर मी स्कूटरपाशी उभा होतो. नऊच्या सुमारास डोक्यावरून 'आँग, आँग' असा आवाज गेला. वर पाहिलं, तर दोन नारिंगी ठिपके उत्तरेकडे चालले होते.

थोड्या वेळानं बायको आली. चौकीदार फाटकापर्यंत पोचवायला आला होता. "ताई, पुढच्या सालीबी येजो," तो म्हणाला. मला त्यानं ओळख दाखवली नाही. साहेब अजून आत होता.

"नाही कशाला म्हणालीस?" मी स्कूटर सुरू करताना विचारलं.

"हो म्हणाले असते, तर साहेबानं तुम्हालाही विचारलं असतं आणि भाऊ खोटा ठरला असता. त्याची नोकरी गेली असती," ती मागे बसत म्हणाली. "तुमची तर काय, संपलेलीच आहे."

मग घरापर्यंत ती मला सांगत राहिली, दोघांनी पंख कसे झाडले, आधी कोण उडालं, आणि दुसरं उडेपर्यंत पहिलं पाण्यावर कसं घिरट्या घालत थांबलं होतं.