गेनाचा शेवट

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर मुळीच नाही. तुम्ही परके, म्हणून जीभ सुटतेय — आपल्या माणसापुढं तिला कुलूप लागतं.

आम्ही लिंबागणेशकडचे. थोडी शेती आणि शेरडं-गुरं. पाटोद्याच्या बाजारात जनावर नुसतं चालताना बघून मी त्याचा स्वभाव सांगतो — हे म्होरकं, हे बुजरं, हे ओढाळ. म्होरक्याच्या गळ्यात घंटा बांधायची, ओढाळाच्या गळ्यात लोढणं. म्हणजे लाकडाचा ओंडका, पळायला लागलं की गुडघ्यांवर आपटणारा. माणसंही मी अशीच ओळखतो, असा माझा तोरा. बायको म्हणते, घरातली सोडून सगळी ओळखता.

माझी लेक कोमल. लहान असताना तिला मी गेनाच्या गोष्टी सांगायचो. गेना म्हणजे माझ्याच डोक्यातून निघालेला एक भटक्या, एका जागी बूड न टेकणारा. खांद्यावर घोंगडी टाकून निघायचा, कधी समुद्र बघून यायचा, कधी हत्तीवर बसून. पण दर गोष्टीच्या शेवटी दसऱ्याला घरी परतायचा आणि आईच्या पदरात कुठलं तरी नवं बी टाकायचा. मी स्वतः जन्मात जवळच्या कपिलधारच्या देवस्थानापलीकडं फारसा गेलो नाही. मग हा गेना कोण होता — ते तुम्हाला कळलंच असेल.

कोमल बारावी झाली. तिला जंगलाचं शिकायचं होतं, पार उत्तरेत, डोंगरातल्या कॉलेजात. प्रवेशही मिळाला. आणि मी भ्यालो. कशाला? लोकांना नाही हो, वाघालाही नाही. ती परत येणार नाही, याला. बरं, ‘जाऊ नको’ असं तोंडावर म्हणायची छाती — तीही नव्हती. म्हणून त्या संध्याकाळी गोठ्यात गाईची धार काढता काढता मी तिला गेनाची शेवटची गोष्ट सांगितली. दुपारीच रचलेली. गेना म्हातारा होऊन गावी आला, आई कधीच मेलेली, त्याला कुणी ओळखेना, आणि कपिलधारच्या पायऱ्यांवर तो बेवारशी मेला. वर म्हटलं, या सगळ्या गोष्टी माझ्या आज्याच्या, तू लहान होतीस म्हणून शेवट सांगितला नव्हता.

ती वासराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी पाटोद्यालाच शिकते. आणि मला आनंद झाला. झाला — खोटं कशाला बोलू? पेढे आणले मी.

तीन वर्षं ती एसटीनं पाटोद्याला जाऊन येत राहिली. घरात होती, पण कशी? खाली मान घालून. शेवटच्या वर्षी मानसशास्त्राच्या बाईंनी वर्गाला सांगितलं, गोष्टीतलं एक पात्र घ्या आणि त्याचा स्वभाव कोणत्या प्रकारात बसतो ते मांडा. हिनं गेना घेतला. पुस्तकातले प्रकार ठेवले बाजूला, आणि काढले माझेच.

“आबा, गेना ओढाळ न्हाई,” जेवता जेवता म्हणाली. “ओढाळ जनावर हाकलल्याबिगर घरी येत न्हाई. गेना दर दसऱ्याला आपसूक आलाय. तुमीच म्हंता, सांजच्याला आपणहून दावणीला येतंय त्याला लोढणं घालू नये. मग असला माणूस आईला इसरंल कावून?”

मी भाकरी मोडत राहिलो.

“ह्यो शेवट गेनाचा न्हाई. कुणीतरी भ्यालेल्या माणसानं जोडलाय.”

आता तरी बोलायचं की नाही? मी काय म्हणालो, सांगू? म्हणालो, “आज्यालाच इचार.” मेलेल्या म्हाताऱ्यावर ढकलून मोकळा झालो. ती हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा मान वर करून हसली. आणि त्याच उन्हाळ्यात पुन्हा अर्ज करून गेली.

गेली म्हणजे काय, वाऱ्यासारखी गेली! आता जंगलाजंगलांतून जनावरांचा माग काढायचं काम करते. आज आसामात, उद्या आणखी कुठं. मागं एकदा तिनं हत्तीच्या पाठीवरून व्हिडिओ कॉल केला, तर मी मोबाइल घेऊन अख्खा बाजार फिरलो. शेळ्या विकायच्या तशाच राहिल्या. दर दसऱ्याला येते. आईच्या पदरात कुठलं तरी बी टाकते. आमच्या दारापुढं आता अशी झाडं उभी आहेत की त्यांची नावं मला नीट घेता येत नाहीत.

लोक म्हणतात, पोरीला एवढ्या लांब धाडायला बापाची छाती लागते. मी मिशीवरून हात फिरवतो. पण मी तिला धाडलं नाही. मी तिच्या गळ्यात लोढणं बांधलं होतं, आणि तिनं ते ओळखून, तोडून फेकलं. अभिमानानं ऊर भरून येतो माझा, हे खरं. त्यात माझा वाटा काडीचाही नाही, हेही खरं.

गेना कपिलधारच्या पायऱ्यांवर मेला नाही. त्याला मी गोठ्यात मारलं, गाईची धार काढता काढता.