हिरवं डबकं

फोटोत पाणी आहे त्याहून घाण दिसलं, तर तुम्ही गप्प बसाल का?

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या एका लॅबमध्ये फोटो धुणारा एक माणूस मला भेटला. पोंभुर्ण्याकडे बिडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया डबक्यातलं गढूळ पाणी पीत होत्या. ठेकेदार ते नाकारत होता, म्हणून मी त्या बायांच्या मोर्चासाठी फोटो काढले. रोल चुकून स्लाइडचा, म्हणजे पडद्यावर दाखवायच्या फोटोंचा निघाला आणि लॅबमध्ये धुण्याचं औषध होतं साध्या निगेटिव्हचं.

"धुतो, पण रंग बिघडन, भाऊ," तो म्हणाला.

डबकं विषासारखं हिरवंगार आलं. मी खूश झालो. "झकास! असंच लावू."

त्याने औषधाने पिवळी पडलेली बोटं शर्टाला पुसली आणि फोटोच्या पांढऱ्या कडेवर लिहिलं, 'रंग धुताना बदलले. पाणी गढूळ होतं.'

"काऊन बिघडवून राह्यले, भाऊ?" मी चिडलो.

"उद्या सायेब डबकं पाहाले गेला, तं खोटं कोण ठरन? तुमी का त्या बाया?"

ती ओळ तशीच ठेवून आम्ही फोटो मोर्चात नेले.

आता रंग बोटाच्या एका दाबाने बदलतात. तुम्ही बदललेत, तर खाली तेवढं लिहा. फोटो आपल्या माणसांचा असेल, तर आधी लिहा.