संकल्पाचे पाणी

अधिकारी बुटांसह माझ्या देवघरापर्यंत आले.

चाळीची पाहणी होती. चाळ महापालिकेची, आम्ही तिचे भाडेकरू. हातातल्या छत्रीच्या टोकाने त्यांनी भिंत ठोकून पाहिली. गिलाव्याचा पोपडा निखळला आणि थेट बाळकृष्णाच्या मूर्तीवर पडला. सोबतचे कर्मचारी हसले. अधिकारीही हसले. म्हणाले, "गुरुजी, तुमचे देवसुद्धा बेघर झाले की!"

मी मूर्ती उचलली. उपरण्याने पुसली. आणि मीही हसलो.

त्या हसण्याची लाज अजून अंगावरून उतरलेली नाही.

शेजारच्या लक्ष्मीबाई विड्या वळून संसार चालवतात. त्या दारातूनच म्हणाल्या, "सायेब, भित्ताड हलतंय. आमी जायाचं कुटं?"

"दारावर नोटीस लावलीय ना? इमारत धोकादायक आहे, खाली करा. पुढं काही झालं तर आमची जबाबदारी नाही."

"चाळ तुमची, आन् जबाबदारी आमची व्हय?"

अधिकारी माझ्याकडे वळले. आवाज मऊ झाला. "गुरुजी, मागची नवी इमारत तयार झालीय. वास्तुशांती तुम्हीच करायची. तुमच्यासारखे स्वच्छ उच्चार या पेठेत कोणाचे नाहीत."

ती इमारत आमच्या पुनर्वसनासाठीच बांधलेली. पायाभरणीच्या वेळी तसे सर्वांसमक्ष सांगितले होते. नारळ मीच वाढवला होता. म्हणून मी आनंदाने होकार दिला. स्तुतीनेही सुखावलो, हे लपवत नाही.

पाठशाळेत शिकलो, पौरोहित्यावर जगलो. शेकडो घरांत गृहस्थधर्म सांगितला. माझ्या घरात मात्र काय होते? चाळीच्या सामाईक शौचालयाचे छप्पर खाली आले, तेव्हापासून माझी पत्नी गल्लीपलीकडे एका ओळखीच्या घरी जाते. वारंवार दार ठोठावायचा संकोच. म्हणून ती दुपारनंतर पाणी पीत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात. मी संध्येला बसून जलाची स्तुती करतो आणि माझ्यामागे ती कोरड्या ओठांनी वाती वळते. याला मी प्रारब्ध म्हणत आलो.

वास्तुशांतीच्या दिवशी अख्खी चाळ नव्या इमारतीच्या अंगणात जमली. लक्ष्मीबाईंनी उंबऱ्यापुढे रांगोळी काढली होती. आपलेच घर समजून.

अधिकारी पत्नीसह उंबऱ्याच्या आत पाटावर बसले. मी त्यांच्या उजव्या तळहातावर अक्षता ठेवल्या, पळीने पाणी घातले. संकल्पाला आरंभ केला. देश उच्चारला, काळ उच्चारला, यजमानांचे नाव-गोत्र उच्चारले. पुढे वास्तूचे प्रयोजन सांगावे लागते. हे घर कोणाच्या निवासासाठी, ते देवासमोर स्पष्ट बोलल्यावाचून पाणी सोडता येत नाही. मी म्हणू लागलो, चाळवासी कुटुंबांच्या निवासार्थ.

"गुरुजी, तसं नको." अधिकारी कानाशी पुटपुटले. "आमच्या विभागीय कार्यालयासाठी म्हणा."

"आणि आम्ही?"

"तुमचं बघू पुढं. मंत्र म्हणा तुम्ही. कायदा आम्ही बघतो."

मागे कोणीतरी खिदळले. तेच हसणे. माझ्या देवघरातले.

मी मान वळवली. माझी पत्नी इतर बायांबरोबर अंगणात दुपारच्या उन्हात उभी होती. कोणीतरी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. तिने मानेनेच नको म्हटले. सर्वांदेखत. मला वाटले, धरणीने पोटात घ्यावे. भिंत खचणे हे प्रारब्ध नव्हते. कोणीतरी ती खचू दिली होती. त्या कोणीतरीला मी आशीर्वाद द्यायला बसलो होतो.

अधिकाऱ्यांनी हात ताम्हणाकडे नेला.

"थांबा," मी म्हणालो. "पाणी सोडू नका. संकल्पात असत्य उच्चारता येत नाही. ही वास्तू ज्यांची, त्यांच्याच नावाने शांती होईल. अन्यथा नाही."

हात तसाच अधांतरी राहिला. पाणी बोटांच्या फटींतून गळून रेशमी सोवळ्यावर पडले. कोणी हसले नाही.

"दुसरा भटजी बोलवा रे!" ते ओरडले.

"बोलवा की," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "आमी हितनं हलत न्हाय."

मी अनामिकेतले दर्भाचे पवित्रक काढले आणि उठलो. उंबऱ्याबाहेर येऊन रांगोळीच्या कडेला बसलो. पत्नी शेजारी येऊन बसली. मग एकेक करून सगळे.

तेव्हापासून आम्ही इथेच बसतो, आळीपाळीने. संध्याही इथेच करतो. लाज गेलेली नाही. ती जाऊ नये. आमच्या खोल्यांच्या किल्ल्या आमच्या हाती येईपर्यंत या दारात कोणाचीही शांती होणार नाही. मी होऊ देणार नाही.