कुलपाबाहेरची घागर

भाऊ सीमेवर मारला गेला, हे सांगायला तहसीलमधून माणसं घरी आली.

पुढे बुलढाण्याच्या शहीद स्मारकावर त्याचं नाव कोरलं गेलं. आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात. आई म्हणाली, त्याची घागर घरात नको, नाव आहे तिथेच ठेवू. मेहकरहून एसटीने आम्ही ती मांडीवर घेऊन गेलो. स्मारकाच्या फाटकाला कुलूप होतं.

"चावी साहेबापाशी रायते, माय," राखणदार म्हणाला. "पंधरा ऑगस्टले या, तवा उघडं असते."

"अखजी काय पंधरा ऑगस्टले येते का बे? लेकराले पाणी द्याचं हाय मले."

साहेबांना विचारावं, तर ते सणासाठी रजेवर. शेवटी आईने गजांमधून ओंजळीने पाणी टाकलं. ते फरशीवर थोडं पसरलं आणि उन्हात वाळून गेलं. भावाचं नाव बरंच आत होतं. भरलेली घागर फाटकाशी ठेवून आम्ही परतलो.

आता आईला प्रवास झेपत नाही. अखजीला घागर मी घरीच भरतो. स्मारकाला त्या दिवशी अजूनही कुलूप असतं.