टेकलेला हात

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, केस कापतात. उजव्या हातात कात्री, आणि मधूनमधून डावा हात गिऱ्हाइकाच्या खांद्यावर. त्या हाताने माणूस विरघळायचा. माझ्या खांद्यावरही तो यायचा, आणि बरीच वर्षं मला वाटत होतं, की हा मेहुण्याचा मान. मग एकदा विजेचं मीटर बघायला येऊन दाढीला बसलेल्या परक्या माणसाच्या खांद्यावरही तोच हात दिसला.

खरी गोष्ट अशी, की जन्माच्या वेळी दाजींचा खांदा अडकला, ओढताना मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या आणि डावा हात कायमचा अधू राहिला. तो फार वेळ अधांतरी धरवत नाही, कुठेतरी टेकवावाच लागतो. लोक त्याला माया म्हणाले. दाजींनी दुरुस्ती केली नाही. फुकट मिळालेलं नाव कोण परत करतं?

मग इस्पितळात यंत्र आलं. त्यात हात पट्ट्यांनी बांधायचा आणि समोरच्या पडद्यावरची फळं उचलून टोपलीत टाकायची. हात जेवढा कमी पडेल तेवढंच यंत्र उचलतं, तसूभरही जास्त नाही. आमच्या घराण्यात इतकी मोजून मदत करणारं कुणी झालं नाही. आम्ही एकतर करतच नाही, नाहीतर गळ्यात पडतो.

"पूर्ण बरा होणार नाही," तिथल्या थेरपिस्ट मुलीने आधीच सांगितलं. "पण टेकवायची सवय सोडा, काका. कुठेच टेकवायचा नाही."

पन्नाशीचे दाजी शाळकरी पोरासारखे आज्ञाधारक निघाले. काही महिन्यांत कंगवा धरलेला हात सबंध कटिंगभर हवेत राहू लागला. मला भरून आलं, खरंच. गिऱ्हाइकांना मात्र राग आला.

"हात वर गेला तसं नाकही वर गेलं," निवृत्त मास्तर मला म्हणाले. "शिंगं फुटली तुमच्या दाजींना."

खुलासा करावा, तर इतक्या वर्षांची माया म्हणजे नुसता थकवा होता हे कबूल करावं लागणार. दाजींची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

खरं बिनसलं ते घरात. ताई दुकानात गल्ल्यावर बसते, संध्याकाळी दोघं चालत घरी येतात. लग्नापासून त्या वाटेवर दाजींचा हात तिच्या खांद्यावर असे. हात अधू आहे हे तिला ठाऊक होतंच; पण आपल्या खांद्यावर तो प्रेमाने येतो, अशी तिची पक्की समजूत. आता तो सुटा झुलायचा, आणि दाजी त्याच्याकडे नव्या घड्याळासारखे बघत चालायचे.

परवा जेवताना ताईने मला वाढता वाढता विचारलं, "मी काय रे, खुंटी होते इतकी वर्षं?"

दाजी समोरच बसले होते. मी पाणी प्यायलो. दाजींनी डाव्या हाताने भांडं उचललं, अर्ध्यावर धरलं आणि न पिताच खाली ठेवलं.

काल दुकानाचं शटर त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. मी मागून येत होतो. कोपऱ्यावर दाजींचा हात वर गेला आणि ताईच्या खांद्यावर जाऊन बसला. ती थांबली नाही, वळलीही नाही.

"दुखतोय?"

"नाही."



"मग असू दे."