दुसऱ्या मजल्यावरची गाय

आम्ही लातूरकडचे. नव्वदच्या दशकात नवऱ्याला कोल्हापूरच्या टोकाला, उसाच्या फडांना लागून बांधकाम चाललेल्या एका अपार्टमेंटवर वॉचमनचं काम मिळालं, आणि जिन्याखालची एक खोली. दाराला कडी, आत नळ. एवढं सुख मला ठाऊक नव्हतं, म्हणून ते कधी जाईल याची धास्ती सतत. सुपरवायझरसाहेबांनी दोन गोष्टी बजावलेल्या. पॉलिश केलेल्या जिन्यावर ओरखडा नको. आणि मागच्या विंगच्या नव्या कॉलमांना गुंडाळलेली बारदानं ओलीच राहिली पाहिजेत. काँक्रीट सुकलं तर तडा जातो.

त्या सकाळी नवरा गावी गेलेला. दुसऱ्या मजल्यावर पहिलं कुटुंब राहायला येणार, त्यांची वास्तुशांत होती. राजारामपुरीत दुकान असलेले घरमालक शेजारच्या मळ्यातली गायच घेऊन आले. दावं मळेकऱ्याच्या हातात.

"वैनी, घरात आधी गाय शिराय पायजे. पाचच मिंटं," घरमालक म्हणाले.

अकराला साहेब गिऱ्हाइकं घेऊन येणार होते. तरी मी जिन्याची वाट सोडली.

गाय गुमान वर गेली. पूजा झाली, तिनं पुरणपोळी खाल्ली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन चारी पाय रोवले. मळेकऱ्यानं दावं ओढलं तसा पुढचा खूर सटकला, गाय गुडघ्यावर आली.

"ओढू नका हो!" मी ओरडले. चौथीतून माझी शाळा सुटली ती गुरं राखायला. पाय मोडलेलं जनावर मी पाहिलेलं होतं.

"मग काय, उचलून न्हेऊ व्हय?"

"ऱ्हाऊ दे की वरच," एक पाहुणा म्हणाला, "फ्लॅटमधी घरचं दूध हुईल!"

सगळे हसले.

"तिचं वासरू आणा," मी मळेकऱ्याला म्हटलं. तो मळ्याकडं पळाला. आता पायऱ्यांवर खूर धरेल असं काहीतरी हवं होतं, आणि तसं तिथं एकच होतं. मी मागं गेले आणि चार कॉलमांची बारदानं सोडली. उघडे कॉलम उन्हात बघता बघता पांढरे पडायला लागले.

बारदानं अंथरली. खाली वासरू हंबरलं. गायीनं मान खाली घातली, एक खूर टेकवला, मग दुसरा. मी तिच्या मानेवर हात ठेवून चालत होते.

शेवटच्या पायरीवर गाय, आणि फाटकात साहेबांची जीप. गायीकडं त्यांनी बघितलंच नाही, नजर जिन्यावरच्या बारदानांवर.

"कॉलमची बारदानं कुणी सोडली?"

मळेकरी पुढं झाला. "म्या सोडली की. बाई नगं नगं म्हणत हुती. काय बोलायचं ते मला बोला, सायब."

साहेबांनी माझ्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत सिमेंटचा चिखल होता. "आत्ताच्या आत्ता बांधा," एवढंच म्हणाले आणि गिऱ्हाइकांना घेऊन वर गेले.

मी बांधत गेले, मळेकरी पाइप धरून पाणी मारत राहिला. वासरू तिथंच पीत होतं. मला धड आभारही मानता आले नाहीत.

ती खोली गेली नाही. माझ्या दोन्ही मुली तिथूनच दहावी झाल्या. मागच्या विंगमध्येही माणसं राहायला आली, त्यांची पोरं त्या कॉलमांभोवती शिवाशिवी खेळायची. मी मात्र झाडताना रोज त्या चार कॉलमांवरून हात फिरवायची, कुठं बारीक तडा लागतोय का ते बघत.